बाथरूममधले दुकान

दि. ४ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असे लिहून सुरुवात करावी म्हणून पेन उचलले होते, पण तसे लिहिले असते तर पुढचे सगळे पत्र खोटे पडले असते. म्हणून आधीच सांगतो, बाबांनी अजून आंघोळ केलेली नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. बाबा शेजारीच बसलेले असतात, आणि फोन वाजला की तो आपल्या शिवणकामाच्या दुकानातलाच असे समजून माझ्या हातातून काढून घेतात. दुकान बंद करून इतकी वर्षे झाली, पण ते त्यांना पटत नाही. परवा तुझा फोन आला तेव्हा त्यांनी तुलाच सांगितले की कोटाचे अस्तर अजून आलेले नाही, आणि ठेवून दिला. तू हसलीस की रडलीस ते मला कळले नाही.

बाथरूममध्ये ते घसरले तेव्हा मी जुनी फरशी काढून खरबरीत फरशी बसवून घेतली हे तुला माहीत आहे. त्याच वेळी प्लंबर म्हणाला की भिंतींनाही पांढऱ्या टाइल्स लावा, आणि धरायला स्टीलचा दांडा लावा. मी सगळे केले. आता बाबा उंबऱ्यापाशी येतात, आत बघतात आणि म्हणतात की हा दवाखाना आहे, मला काही झालेले नाही. मी हात धरला तर म्हणतात, अरे, सुई टोचतील, आपण घरी जाऊ. घरातच आहोत असे किती वेळा सांगू?

न्हाव्याला बोलावून बघितले. त्याने केस कापून झाल्यावर गोडीत सांगितले की मास्तर, आता अंगावर पाणी घ्या, केस टोचतील. बाबा म्हणाले, बरोबर आहे तुमचे, आणि खुर्चीतून हलले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या मावशी जिन्यातून ओरडल्या. त्यांनाही बाबा अगदी अदबीने हो म्हणाले. मी ओल्या फडक्याने तोंड आणि हात पुसतो तेवढे पुसू देतात. सदऱ्याला हात लावला की माझा हात झटकतात.

डॉक्टरांनी पाठ आणि कंबर बघितली. चट्टे लाल झाले आहेत. कातडी फुटली तर या वयात भरून यायची नाही, म्हणाले. एक तर रोज नीट आंघोळ झाली पाहिजे, नाही तर जिथे हे काम येणारी माणसे आहेत अशा ठिकाणी त्यांना ठेवा. मी म्हणालो की मी करीन. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

ताई, मला बाबांना कुठे पाठवायचे नाही. काय करू ते कळव. दाजींना नमस्कार, छकुलीला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ


दि. ९ जून

चि. दोऱ्यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचले, त्यामुळे जेवण राहिले. इकडे ह्यांची कंबर धरली आहे आणि घरभर मलमाचा वास सुटला आहे. छकुली म्हणते, बाबांना इस्त्री करा म्हणजे सरळ होतील. शिंप्याची नात, दुसरे काय!

आता कामाचे. आमच्या वृद्ध-निवासात माझे काम चादरी-टॉवेलांचे असले तरी दिवसभर सगळे डोळ्यांसमोर असते. नवीन आलेली माणसे आपापल्या वस्तू आणतात. कोणाचे घड्याळ, कोणाची गोधडी. एका आजींना झोपच येईना. त्यांचे जुने लाकडी स्टूल मुलाने आणून खाटेपाशी ठेवले, तेव्हा कुठे डोळा लागला. ओळखीचे काही दिसले की जागा परकी वाटत नाही. तर तू असे कर. खाटेखाली दुकानाच्या सामानाची पत्र्याची पेटी आहे, तिच्यातल्या बाबांच्या दोन-चार वस्तू त्या बाथरूममध्ये लाव. दवाखाना दिसायला नको म्हणजे झाले.

दोन-चार म्हणजे दोन-चार. तुला मी चांगली ओळखते. तुला एक खिळा ठोकायला सांगितला तर तू आधी भिंतीची कुंडली मांडतोस. तुझ्या फ्रेमच्या दुकानात चालते ते, इथे नको.

आणि एक सांगून ठेवते. आमच्याकडे तळमजल्यावरची एक खाट जुलैच्या मध्याला रिकामी होते आहे. मेट्रनबाई माझ्या शब्दावर ती तोवर अडवून ठेवणार आहेत, पुढे नाही. मी घाई करत नाही. पण तू डोळ्यांवर कातडे ओढून बसू नकोस. ते चट्टे तुझ्या हो-नाहीची वाट बघणार नाहीत.

जेवत जा. नावाचा दोरा आहेसच, सुईत ओवण्याइतका होऊ नकोस.

तुझ्यावर जीव असणारी,
ताई


दि. १६ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींच्या कमरेला आराम पडला असेल अशी आशा आहे. शेक घेताना पिशवी टॉवेलात गुंडाळावी, नाहीतर भाजते.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे पेटी उघडली. ताई, तिच्यात काय काय आहे याची मला कल्पनाच नव्हती. दोन-चार वस्तू निवडायला बसलो, पण एक बाहेर काढली की दुसरी म्हणायची, मग मी काय केले आहे?

पहिल्यांदा आरसा केला. त्याच्याभोवती बटणांची चौकट लावली आहे. खाली कोटाची मोठी, बाजूंना मधली आणि वर सदऱ्याची बारीक, म्हणजे नजर हळूहळू वर चढते. पितळी बटणांवर पाण्याने हिरवट कळा येईल म्हणून त्यांना आधी लाखेचा हात दिला. टॉवेल टाकायला बाबांचा कापड मोजायचा लाकडी गज आडवा बसवला आहे. त्याला तेल पाजले, आकडे पुन्हा स्पष्ट दिसतात. बोटात घालायचे अंगुस्तान, खडूचे तुकडे आणि बॉबिन एका उथळ चौकटीत काचेमागे ठेवले आणि कडा सिलिकॉनने बंद केल्या, वाफ आत जाणार नाही. खिडकीच्या कट्ट्यावर रंगीत रिळे रंगाच्या क्रमाने लावली. आईने केलेली मखमलीची टाचण्यांची उशी होती ना, टोमॅटोसारखी? तीही काचेमागे ठेवली. टाचण्या काढून घेतल्या आहेत, कोणाला टोचायला नको.

पडदा मी हाताने शिवला. कापडांच्या नमुन्यांचे तुकडे जोडले आणि मागून प्लास्टिकचे अस्तर लावले. टाके वाकडे आले आहेत. बाबांना दिसतील, आणि ते बोलतील. बोलले तर मला आवडेलच.

फ्रेमच्या दुकानातले उरलेले तुकडे मालकांनी मला वापरू दिले. ते म्हणाले की लोक दिवाणखाना सजवतात हे मी जन्मभर बघितले, बाथरूम सजवणारा तूच पहिला. मी मेल्यावर माझाही फोटो तिथेच लाव, निदान रोज कोणीतरी उघड्या अंगाने नमस्कार करील.

बाबांना मी अजून काही दाखवलेले नाही. सिलिकॉन पुरते वाळू दे. तोपर्यंत बाथरूमला कडी लावून ठेवली आहे आणि मी मागच्या अंगणात आंघोळ करतो. तुझ्याकडे बाबांच्या हातचे काही असेल तर पाठव. दाराच्या आतल्या बाजूला जागा आहे. दुकानाची पाटी आणि दारावरची घंटा लावावी की नाही याचा विचार करतो आहे. पाटी बरोबर मावते, मी मापून बघितले.

छकुलीला पापा. ओढ आहे तशीच राहो.

तुझा धाकटा भाऊ


दि. २० जून

चि. दोऱ्यास,
अ. उ. आ.

ह्याला दोन-चार म्हणतात होय? पत्र मोठ्याने वाचून दाखवले, तर हे म्हणाले की कंबर घेऊन आपणच तिकडे राहायला जाऊ, आपल्या बैठकीपेक्षा ते बरे दिसते. छकुलीला तर आत्ताच्या आत्ता बटणांचा आरसा हवा आहे. लावलेस ना तिला नादाला!

सोबत माझा शाळेतला कापडी पट्टा पाठवते आहे. चोरखिसा असलेला. बाबांनी तो मला शिवून दिला तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुलींना तसाच पाहिजे झाला होता. जपून लाव, आणि परत मागेन तेव्हा दे.

पाटी मात्र नको लावूस. घंटाही नको. का ते मला नीट सांगता येत नाही, पण ते फार होईल. खोली ओळखीची वाटली पाहिजे एवढेच आपल्याला हवे आहे.

पण खरे सांगू का, आईची ती उशी तू काचेमागे ठेवलीस हे वाचून मला बरे वाटले. मीही काहीतरी करायला हवे होते असेही वाटले. लांब राहणारी माणसे पट्टे पाठवतात.

लवकर कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी
ताई


दि. २५ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आणि पट्टा मिळाला, पण तो मिळेपर्यंत पाटी लावून झाली होती. घंटाही. तू नको म्हणतेस हे वाचले तेव्हा बाबा आतच बसलेले होते.

होय, बाबा आत गेले! मी हात धरला नाही की ओढले नाही. चहा झाल्यावर मी दार उघडून बाजूला उभा राहिलो. वर घंटा वाजली. बाबांनी मान वर करून पाटी वाचली आणि कॉलर नीट केली. मग आत गेले आणि एकेका वस्तूवरून हात फिरवत गेले. गजाला लावलेले तेल बोटाला लागले ते हुंगले. पडद्याचे टाके बघून म्हणाले की हे कोणाचे काम आहे, त्याला काढून टाका. ताई, मला इतके बरे वाटले की मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो.

मग मी गरम पाण्याची बादली आत नेली. बाबांनी बादलीकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि विचारले की दुकानात पाणी कोणी आणले? गिऱ्हाइकाच्या कापडावर एक थेंब उडाला तर तोंड कोण दाखवील? मी सदऱ्याच्या बटणाला हात लावला तर त्यांना धक्काच बसला. म्हणाले, अरे पोरा, दुकानात कोणी कपडे काढून आंघोळ करते का? खरोखरच कोणी करत नाही. बादली बाहेर न्यावी लागली.

तेव्हापासून रोज चहा झाला की बाबा दुकानात जातात. स्टुलावर बसतात. जेवायला बाहेर येतात, हात धुतात आणि पुन्हा आत. काल वरच्या मावशींच्या नळाला पाणी नव्हते म्हणून त्या कळशी घेऊन आल्या. मी थांबा म्हणेपर्यंत आत गेल्याही. घंटा वाजली, बाबा उठून या म्हणाले, आणि बाहेर येईपर्यंत मावशींनी पडद्यावरचे निळे चौकडीचे कापड पसंत केले होते. कळशी रिकामीच होती. मला म्हणाल्या, काय करू रे, त्यांनी इतक्या मायेने दाखवले, नाही कसे म्हणू?

बाबा गेल्या दोन वर्षांत नव्हते इतके खुशीत आहेत. आणि आंघोळ करत नाहीत. मलाही करू देत नाहीत. अंगणातला नळ गंजून बसला, म्हणून मी मालकांच्या दुकानामागच्या नळावर जातो. मी इतके मन लावून हे केले की आता घरात बाथरूमच उरलेली नाही. पाठीचे चट्टे वाढले आहेत. मी काय चुकलो तेवढे लिही.

तुझा धाकटा भाऊ


दि. २९ जून

चि. दोऱ्यास,
अ. उ. आ.

मावशींच्या कळशीपाशी मला इतके हसू आले की मेट्रनबाई काय झाले म्हणून बघायला आल्या. त्यांना सांगितले तर त्याही हसल्या. मग म्हणाल्या, पण मग म्हाताऱ्याची आंघोळ? मी परत चादरी मोजायला लागले.

काढ ते सगळे. आधी पाटी काढ, मग घंटा, मग एकेक. हळूहळू काढ, त्यांना कळणार नाही असे. आरसा आणि आईची उशी राहू दे. खुळ्या, तुला दवाखान्यातून घर करायचे होते, तू थेट बाजारपेठ केलीस. चुकलास म्हणजे काय? तुझ्या हातून काही अर्धवट होत नाही, एवढेच चुकले.

दिवस चालले आहेत. तुला आठवण करून देताना माझा हात थबकतो, पण खाट तेवढ्याच मुदतीपर्यंत आहे.

ताई


दि. ५ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलेस तसे केले, आणि पुन्हा होते तसे केले. ते का हे लिहितो.

बाबा दुपारी पडले होते तेव्हा मी पाटी उतरवली. भिंतीतली भोके लांबी भरून बुजवली, वर पांढरा हात मारला, काही कळणार नाही असे. बाबा उठले, दाराशी गेले, वर बघितले. ओरडले नाहीत. उंबऱ्यावरच खाली बसले आणि म्हणाले की मला वाटलेच होते, दुकान गेले. मग मला जवळ बोलावून विचारले की आता आपण खायचे काय, तुझी शाळा कशी व्हायची? माझी शाळा सुटून किती काळ झाला. चहा पुढे ठेवला तो निवून साय आली. संध्याकाळी मी पाटी पुन्हा लावली. बाकी काही काढायची माझी छाती झाली नाही. तू इथे असतीस तर तूही काढले नसतेस.

मग मला एक गोष्ट आठवली. बाबांनी कोरे सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कधी कात्री लावली नाही. नंतर आटले तर गिऱ्हाईक शिंप्याला शिव्या देते, कापडाला नाही, असे म्हणायचे. मी कोरे कापड आणून समोर ठेवले, तर बाबांनी स्वतः सांगितले, बादली आण! ताई, त्यांच्या परवानगीने दुकानात पाणी आले. त्यांनी बाह्या सरसावल्या, कापड बुडवले, उलटले, पुन्हा बुडवले. मी म्हणालो की बाबा, सदरा भिजेल, काढून ठेवू का? ते म्हणाले की ज्याचा सदरा भिजतो तो शिंपी नव्हे. आणि खरेच, एक थेंब उडाला नाही. पिळून दोरीवर टाकले आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरे कापड आणले. तिसऱ्या दिवशी घरातली चादरच कोरी म्हणून दिली. सगळीकडे ओली कापडे लटकली आहेत, मला वाकून चालावे लागते. बाबा कोपरापर्यंत अगदी स्वच्छ आहेत. त्याच्या वर जायला मला वाट सापडत नाही.

काल कमरेशी कातडी फुटली. डॉक्टर आले होते. त्यांनी मलमपट्टी केली आणि विचारले की काही ठिकाण बघितले आहे का? मी म्हणालो, बहिणीने बघितले आहे. बरे झाले, म्हणाले. मी करीन असे या वेळी माझ्या तोंडातून आले नाही.

आणखी थोडे दिवस मिळतील का, एवढेच मेट्रनबाईंना विचारशील?

तुझा धाकटा भाऊ


दि. ९ जुलै

चि. दोऱ्यास,
अ. उ. आ.

मेट्रनबाईंना विचारले. त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, थोड्या दिवसांनी तुझा भाऊ काय वेगळे करणार आहे? मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. तिथे रडले तर आवाज बाहेर जात नाही, कापड सगळे पिऊन टाकते.

रविवारी आम्ही दोघे येतो आहोत. ह्यांच्या मित्राची मोटार मिळाली आहे. बाबांना मी असे सांगणार आहे की एका मोठ्या संस्थेचे गणवेशांचे काम आले आहे, मापे घ्यायला तिथेच जाऊन राहावे लागेल. तू काही बोलू नकोस. खोटे मी बोलेन, मी मोठी आहे. तू फक्त त्यांचे कपडे भर. इस्त्रीचे भर, शिंपी चुरगळलेला जायला नको.

तू त्यांना टाकलेस असे कोणी म्हणाले तर माझ्याकडे पाठव. आणि तूच तसे म्हणत असशील, तरी माझ्याकडेच ये.

ताई


दि. १३ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नीट पोहोचलात हे दाजींनी फोनवर सांगितले. आता फोन माझ्या हातातून कोणी काढून घेत नाही, तरी मी पत्रच लिहितो.

मोटारीत बसताना बाबांनी मला वाकायला सांगून कानात काहीतरी म्हटले. तू विचारलेस आणि मी काही नाही म्हणालो. आता सांगतो. ते म्हणाले, ही बाई चांगल्या घरची दिसते, हिचे काम वेळेवर करून देऊ. तू तेव्हा त्यांच्या पायांवर शाल नीट करत होतीस. मग मला म्हणाले, पोरा, मी येईपर्यंत दुकान उघडे ठेव. मला ते ओळखत होते.

चष्म्याचे घर उशीखाली राहिले होते, पार्सलने पाठवले आहे. रात्री त्यांना डाव्या कुशीवर वळवू नका, तिकडेच कातडी फुटली आहे. मलम लावण्याआधी हात कोमट करून घ्यायला सांग, गार हात लागला की ते दचकतात. आंघोळीचे काय झाले ते लिही. तिथल्या माणसांना सांग की घाई करू नका. मला जमले नाही हेही सांगितलेस तरी चालेल.

तुझा धाकटा भाऊ


दि. १८ जुलै

चि. दोऱ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र दोनदा लिहून फाडले. तुला वाईट वाटेल म्हणून लिहावेसे वाटत नव्हते, आणि लिहिले नाही तर तू काळजीने वाळशील. तर लिहितेच.

बाबांनी पहिल्याच दिवशी आंघोळ केली.

सेवक आला आणि म्हणाला, मास्तर, पाणी काढले आहे. बाबा उठले, आपण म्हणाल तसे, म्हणाले, सदरा काढून त्याची नीट घडी घातली आणि त्याच्यामागून गेले. मी पॅसेजमध्ये टॉवेल घेऊन उभी होते. आमच्या बाथरूमला सगळीकडे पांढऱ्या टाइल्स आणि स्टीलचे दांडे आहेत. भिंतीवर एक खिळासुद्धा नाही. ते स्टुलावर बसले आणि पाठ चोळून घेतली. पाणी गरम आहे का विचारले, तर छान आहे म्हणाले. रोज करतात. कमरेची जखम सुकायला लागली आहे.

मी खूप विचार केला. मला वाटते, बाबांना इथे सगळी गिऱ्हाइकेच दिसतात. सेवक गिऱ्हाईक, मेट्रनबाई गिऱ्हाईक, मीही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही हे त्यांच्या हाडात मुरलेले आहे. जन्मभर ते नाही म्हणाले ते फक्त घरच्यांना. तुला ते इतके नाही म्हणत होते, म्हणजे बघ.

तू रागावला असशील तर रागाव. पण येऊन जा. पुढच्या रविवारी मी ह्यांच्या तपासणीसाठी बाहेर असेन, तरी तू ये. दारावर तुझे नाव सांगून ठेवते.

तुझी
ताई


दि. २७ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींची तपासणी ठीक झाली असेल. वजन उचलू देऊ नकोस.

तुझे पत्र वाचून मी दिवसभर एकच काच पुसत होतो. मालकांनी विचारले, काय रे, काच फुटली का? मी म्हणालो की बाबांनी आंघोळ केली. ते म्हणाले, मग चांगले झाले की! मीही हो म्हणालो. चांगलेच झाले. मला फक्त इतके वाटत राहिले की एकदा तरी त्यांनी माझ्या हातचे पाणी घ्यायला हवे होते.

काल गेलो होतो. बाबा खिडकीपाशी बसले होते. केस विंचरलेले होते आणि अंगाला साबणाचा वास येत होता. मला बघून ते उठून उभे राहिले. या, बसा, म्हणाले. मला वाटले, मागे कोणी आले असेल, म्हणून मी वळून बघितले. मागे कोणी नव्हते.

मी कोण ते सांगणार होतो. पण त्यांनी इतक्या अगत्याने काय शिवायचे आहे असे विचारले, की मी सदरा म्हणालो. त्यांनी मला उजेडात उभे केले आणि वितीने माप घ्यायला लागले. आधी गळा घेतला, मग खांदा, मग बाही. त्यांचे हात मऊ झाले आहेत आणि स्वच्छ आहेत. उजव्या खांद्यापाशी थांबून म्हणाले की हा खांदा उतरता आहे, या बाजूने ओझे उचलता का? मी म्हणालो की काचा उचलतो. ते म्हणाले, काळजी करू नका, शिवणीत घेऊन टाकू, बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. घरी कधी त्यांनी मला काळजी करू नको असे म्हटल्याचे आठवत नाही. घरी म्हणायचे, उभा राहा नीट, हलू नकोस.

मी विचारले की कधी येऊ? ते म्हणाले, गुरुवारी या. आधी नाही का होणार, विचारले. ते हसले आणि म्हणाले की कामे फार आहेत, पण गुरुवार पक्का.

ताई, मालकांकडून मी गुरुवारची सुट्टी मागून घेतली आहे. सकाळच्या गाडीने येईन. सदरा तयार झाला नसेल, तर पुढचा वार विचारून घेईन.

माया कमी करू नये.

तुझा धाकटा भाऊ